नानांचं ज्युडिशियम

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, लॅटिन येत नव्हतं. येत होते ते सुटे लॅटिन शब्द, तेही कोर्टातले. वकिली शिकताना घोकलेले आणि पुढे जन्मभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून वापरलेले. त्यातला एक शब्द त्यांच्या फार जिव्हाळ्याचा होता, ज्युडिशियम. मी शाळेत असताना त्यांनी तो मला समजावून सांगितला, आणि पुढे हॅमिल्टनला आल्यावर माझ्या लेकीला. या एवढ्याशा शब्दाची मला कधी धास्ती बसेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नाना महाराष्ट्रात गावोगाव न्यायाधीश होते. काही वर्षं झाली की बदली, नवं गाव, नवं सरकारी क्वार्टर, आणि नवे लोक, ज्यांच्याशी आम्ही ओळख वाढवायची नाही. घरात नियम एकच होता, कुणाकडून काही घ्यायचं नाही. दिवाळीला शेजारच्यांचं फराळाचं ताट आलं तर तसंच झाकून परत. आई हळदीकुंकवाला जायची, कुंकू लावून घ्यायची आणि वाण तिथेच ठेवून यायची. बायका तिला शिष्ट म्हणायच्या, ती ऐकून घ्यायची. एकदा एका मैत्रिणीने मला पेन्सिलपेटी दिली. तिचे वडील वकील. नाना ओरडले नाहीत, मला हाताला धरून तिच्या दारात घेऊन गेले आणि पेटी परत करायला लावली. मी वाटभर भोकाड पसरलं होतं. पण खरं सांगायचं तर राग नव्हता आला, भीती वाटली होती. आमच्या घराला बाहेरून कुणी तरी सतत आत यायला बघतंय, अशी ती भीती होती आणि ती माझ्या अंगात मुरली. मी तोंडाने फटकळ आहे, चार माणसांत कुणाला ऐकून घेत नाही, पण आतून पक्की भित्री आहे. न्यायाधीशाची मुलगी.

आई गेली तेव्हा नाना निवृत्त होऊन पुण्यात स्थिरावले होते. त्यांना तिथे एकटं ठेवायला माझा जीव धजेना. मी हॅमिल्टनला दूध पावडरच्या कंपनीत लॅबमध्ये होते, नवऱ्याची नोकरी ऑकलंडला, तो आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच. खटपटी करून दोन हजार तेरा साली नानांना घेऊन आले. इथे चौदा वर्षांखालच्या मुलाला घरात एकटं ठेवलेलं कायद्याला चालत नाही, आणि माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत तिच्याजवळ मोठं माणूस हवं. हे नानांना सांगितलं तर स्वारी भलतीच खूश. कायद्याने आपली पुन्हा नेमणूक झाली, असं ते म्हणाले. लेकीच्या मैत्रिणींची मात्र पंचाईत व्हायची, कारण इथल्या इंग्रजीत नाना म्हणजे आजी. हिची आई एवढ्या मिशीवाल्या आजोबांना नाना का म्हणते, हे त्या पोरींना शेवटपर्यंत उमगलं नाही. लेक त्यांना आजो म्हणायची.

इथे आल्यावर नाना सैलावले. आता माझ्यासमोर कुणाची केस नाही, मी खायला मोकळा, असं म्हणायचे. शेजारी एक एकटे राहणारे गृहस्थ होते, जन्मभर गाई पाळलेले, भर थंडीतसुद्धा शॉर्ट्स आणि गमबूट घालून हिंडणारे. त्यांच्या अंगणात फिजोआचं झाड. हिरवं, पेरूच्या भावंडासारखं फळ. एप्रिल आला की इथे घरोघरी त्याचा पूर येतो, झाडाखाली सडा पडतो, लोक खाऊन खाऊन कंटाळतात आणि पिशव्या भरभरून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारात ठेवून जातात. घेणारा उपकार करतो म्हणायचं. नाना त्या पिशवीची वाट बघायचे. चमच्याने गर काढून खायचे, उरलेल्याची दही घालून कोशिंबीर करायचे. आईच्या जन्मात न घडलेली गोष्ट बघून मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

दुपारी आजोबा-नातीची शाळा भरायची. लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. नाना तिला सुट्या वस्तूंसारखे लॅटिन शब्द द्यायचे आणि ती ते खिशात घालायची. ज्युडिशियम त्यांनी शेवटच्या बेसनलाडवावर समजावलं. डब्यातला लाडू नाहीसा झाला, तुला मी जाब विचारायला बोलावलं, हा झाला खटला. त्याला रोमन लोक ज्युडिशियम म्हणायचे. मी, तुझी आई, असे आपण टेबलाशी न्याय करायला बसलो, ती बैठक म्हणजेसुद्धा ज्युडिशियम. आम्ही ठरवलं की लाडू तूच खाल्लास, तो निकाल, तोही ज्युडिशियम. आणि ठरवताना डोक्यातली जी चाळणी आम्ही वापरली, खरं कुठलं खोटं कुठलं, मोठं काय क्षुल्लक काय हे ज्या चाळणीने निवडलं, ती चाळणीसुद्धा ज्युडिशियमच. मराठीत आपल्याला चार शब्द लागतात, खटला, न्यायसभा, निकाल आणि सारासार. त्यांचं एकात भागतं.

लेकीने डोळे बारीक करून विचारलं होतं, की मग यातलं खरं ज्युडिशियम कुठलं. नाना म्हणाले, चौथं. ते असलं तर पहिल्या तिघांना अर्थ. नाहीतर नुसती खुर्ची, नुसता हातोडा.

मग तो शब्द घरात रुळला. 'मेओ ज्युडिशिओ' म्हणजे माझ्या मते. लेक ताटाकडे बघून नाक मुरडायची आणि म्हणायची, मेओ ज्युडिशिओ भेंडी इज यक. आणि नुसतं 'ज्युडिशिओ' म्हटलं की जाणूनबुजून, विचार करून. काचेचा पेला फुटला की नाना चष्म्यावरून बघत विचारायचे, हातून निसटला की ज्युडिशिओ? चर्चवाल्यांनी हाच शब्द जगाच्या शेवटच्या दिवसाला लावला, सगळे मेलेले उठून रांगेत उभे राहणार आणि प्रत्येकाचा निवाडा होणार, हेही त्यांनी एकदा सांगितलं. लेकीला त्या रांगेची भयंकर भीती वाटायची. वाटायची म्हणूनच ती पुन्हा पुन्हा विचारायची. मी दोघांवर डाफरले होते, की पोरीला हे भलतंसलतं कशाला सांगता.

दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये फिजोआची पिशवी आली आणि नानांनी ती परत नेऊन ठेवली.

मला हे शेजाऱ्यांकडूनच कळलं. ते बिचारे कुंपणाशी उभे राहून विचारत होते, की फळं खराब निघाली का. मी सारवासारव केली. म्हटलं, वडिलांचं पोट बिघडलंय. त्यांनी हसून सोडून दिलं आणि पुन्हा पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी गाडी लावत होते तेव्हा नाना ती पिशवी दोन बोटांत धरून, अंगापासून लांब, त्यांच्या लेटरबॉक्सकडे निघालेले दिसले. चेहरा असा काही ताठ, की मला माझी पेन्सिलपेटी आठवली. मी हसत हसत म्हटलं, नाना, अहो आपण निवृत्त ना? त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मला घरात घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांची केस माझ्यासमोर आहे."

मी काहीतरी पुटपुटले आणि चहा ठेवायला गेले. साखर ओट्यावर सांडली. वय झालं की असं होतं, अशी मीच माझी समजूत घालत होते. संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टरकडे ने. मी त्याच्यावरच उखडले. लांब बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे, असं काहीबाही बोलले. खरं म्हणजे डॉक्टर काय सांगेल ते मला ऐकायचं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरला फोन केला. त्याने रक्त तपासलं, बरेच प्रश्न विचारले आणि नानांचं नाव स्मृतीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथून बोलावणं यायचं होतं.

तोवर घर हळूहळू मिटत गेलं. नाना भर दुपारी पडदे ओढून बसू लागले. फोन वाजला की उचलायचे नाहीत. लेकीला विचारायचे, आज शाळेत तुझ्याशी कोण कोण बोललं, कुणी काही दिलं का. ती आधी खेळ समजून सांगायची, मग कंटाळली, मग जरा घाबरली. एकदा मी घरी आले तर जेवणाच्या टेबलाशी नाना एकटेच ताठ बसलेले, समोर काही नाही. काय करताय विचारलं तर म्हणाले, युक्तिवाद संपलेत, निकाल राखून ठेवलाय. बोलणं स्वच्छ, शब्द न शब्द जागच्या जागी. स्वयंपाक ठीक, कपडे ठीक, लेकीचं खाणंपिणं वेळेवर. तिच्या अंगावर कधी ओरडलेदेखील नाहीत. म्हणून मी दिवस ढकलत होते. रोज लॅबमध्ये पावडरचे नमुने तपासायचे, हा माल सोडा, हा अडवा, असं ठरवत राहायचं, आणि तीन वाजले की नजर घड्याळावर जायची. आता शाळा सुटली. आता ती घरी पोचली असेल. आता दार उघडलं असेल.

जूनमधल्या एका पावसाळी दुपारी माझा फोन वाजला. शेजारी बोलत होते. आवाज अगदी शांत, मुद्दाम शांत ठेवलेला. म्हणाले, तुझी मुलगी माझ्याबरोबर आहे, पायाने ढकलायच्या स्कूटरवरून पडली, गुडघा फुटलाय, काळजीचं नाही. पण तुझे वडील दार उघडत नाहीयेत.

मी अंगावरचा पांढरा कोटही काढला नाही. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत मला एकच चित्र दिसत होतं, नाना स्वयंपाकघरात पडलेत आणि शेगडी चालू आहे. वायपर फिरत होते तरी समोरचं नीट दिसत नव्हतं, मग कळलं की मी रडतेय. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. गाडी कशी चालवली देव जाणे.

घराशी पोचले तर ओसरीच्या पायरीवर लेक शेजाऱ्यांचा भलामोठा रेनकोट पांघरून बसलेली, गुडघ्याला त्यांचा रुमाल बांधलेला, रडून रडून तोंड सुजलेलं. ते तिला आपल्या घरी न्यायला बघत होते, पण ती जागची हलेना. कारण आजो आत आहेत, तिला दिसत होते. पडद्याच्या फटीतून ते तिच्याकडे बघत उभे होते.

नाना जिवंत आहेत हे कळल्याचा आनंद क्षणभरच टिकला. त्यामागून जी भीती आली तिला मी काय म्हणू? मी दारावर धाडधाड हात मारले. किल्ली होती, पण आतून साखळी लावलेली. मी ओरडले, की दार उघडा नाहीतर काच फोडेन. तेव्हा साखळीएवढं दार उघडलं. नानांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"त्यांच्याबरोबर आलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना. कामावरून आले."

त्यांनी मला आत घेतलं, लेकीला आत घेतलं, आणि शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावून टाकलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्यांनी पोरीला पुढे केलं. निकाल फिरवायला. पण मी फिरवणार नाही."

"ती रडत होती नाना."

"ऐकू येत होतं मला," ते म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला. "सगळं ऐकू येत होतं."

मी लेकीचा गुडघा धुतला, पट्टी लावली, तिला दूध गरम करून दिलं. शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या बायकोचं शेवटी असंच झालं होतं म्हणाले. घरी आले तर लेक स्वयंपाकघरात माझी वाट बघत उभी. तिने हळूच विचारलं, "ममा, डिड ही डू इट ज्युडिशिओ?"

काय सांगणार होते मी तिला? हो, ज्युडिशिओ. विसरून नाही, झोप लागून नाही, कानाने कमी ऐकू येतं म्हणून नाही. पूर्ण विचार करून. ज्या नातीवर त्यांचा जीव होता तिचं रडणं ऐकत, घाम पुसत, ते कडीला हात न लावता उभे राहिले होते, कारण न्यायाधीशाने दबावाला बळी पडायचं नसतं. जन्मभर ज्या गुणासाठी मी त्यांना मानलं तोच गुण दाराआड उभा होता. खटला त्यांच्या डोक्यात शाबूत होता. न्यायसभा शाबूत होती. निकालसुद्धा होता. चौथी गोष्ट तेवढी गेली होती, आणि ती गेल्याचं त्यांना कळायला तीच लागते. त्यांना काही आठवलंच नसतं तर मला इतकी भीती वाटली नसती. नाना तसेच्या तसे होते, त्याने माझी पाचावर धारण बसली.

लेकीला मी जवळ घेतलं आणि म्हटलं, आजोला बरं नाहीये. तिने मान हलवली. त्या दिवसापासून ती शाळेनंतर शाळेतच थांबू लागली, मी येऊन तिला घेईपर्यंत. नवरा जमेल तेवढे दिवस घरून काम करू लागला. नाना रोज तीन वाजता खिडकीशी येऊन उभे राहत, आणि पोर आली नाही, पोर आली नाही, असं म्हणत येरझारा घालत.

तज्ज्ञांकडून बोलावणं आलं तोवर सप्टेंबर, म्हणजे इथला वसंत, लागला होता. मला तिथे जायच्या आधी आठवडाभर झोप नव्हती. काय होऊ शकतं ते मी वाचून ठेवलं होतं, आणि वाचू नये ते जास्त वाचलं होतं. घरी ठेवा म्हणतील किंवा कुलूपबंद दारांच्या वृद्धाश्रमात ठेवा म्हणतील. आणि तिथल्या डॉक्टरांना जे समजणार ते माझ्या तोंडून समजणार. दाराची गोष्ट मी गाळली तर तपासणीत ती कुठून दिसणार? नाना परक्यांसमोर कसे वागतात हे मला ठाऊक होतं. सुटाबुटात, उत्तम इंग्रजीत, मधे एखादा विनोद. समोरचा प्रभावित होऊनच उठतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या. किया ओरा, असा इथला नमस्कार करून त्यांनी नानांचा हात हातात घेतला. दुभाषा हवा का विचारलं, तर नानांना तो अपमान वाटला. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा नानांनी सुंदर गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला, एकावर एक दाटीवाटीने बसवले. कागद लांब धरून पाहिला, समाधानाने परत दिला. मी खाली मान घातली. मग बाई म्हणाल्या, आता जजमेंट बघू या. डॉक्टरांच्या तपासणीतही तो शब्द असतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, शेजारच्या घरातून धूर येताना दिसला तर काय कराल? नाना म्हणाले, आधी धूर आहे की वाफ याची खात्री करीन, मग फायर ब्रिगेडला कळवीन, आणि आत कुणी आहे का ते बघीन. बाईंनी मान डोलावली. उत्तर बिनचूक होतं. म्हणजे दाराची गोष्ट आता मलाच सांगावी लागणार होती.

मग बाई मला म्हणाल्या, की घरचं कसं चाललंय ते तुमच्याशी वेगळ्या खोलीत बोलायचंय. सगळ्यांशी तसंच बोलतात. मी उठले, आणि पुन्हा बसले. मला जमेना. म्हटलं, माझे वडील न्यायाधीश होते. ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तो समोर हवा, या नियमावर त्यांचा जन्म गेला. मी जे सांगायचं ते त्यांच्या देखत सांगेन, नाहीतर सांगणार नाही. बाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. फिजोआच्या पिशव्यांपासून. नानांकडे बघायची छाती होत नव्हती, म्हणून बाईंकडे बघून सांगत होते. त्यांनी पिशवी परत नेली, त्यांनी पडदे ओढले, त्यांनी दाराला साखळी लावली, असं सगळं 'त्यांनी'. हळूहळू जाणवलं की नानांचं हलणं थांबलंय. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ते डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. पायरीवरच्या लेकीपर्यंत आले आणि माझा आवाज बसला. तेव्हा नानांनी डोळे उघडले आणि मराठीत विचारलं, "मूल किती वेळ बाहेर होतं?"

"अर्धा तास. जास्तच असेल."

"पाऊस?"

"होता."

"आतला माणूस जागा होता?"

"जागा होता. पडद्याआड उभा होता."

"मूल रडतंय हे त्याला ऐकू येत होतं?"

मला पळून जावंसं वाटलं. एक 'माहीत नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांची नजर माझ्यावर होती, शांत, परकी, लहानपणी मी जिला टरकून असायची तीच नजर. मी म्हटलं, "हो नाना. सगळं ऐकू येत होतं."

खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापत होतं. मग नाना बाईंकडे वळले, पण बोलले मराठीतच, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सोयीचं जावं असं.

"हेतू वाईट दिसत नाही. पण सारासार राहिलेलं नाही. या माणसाजवळ मूल ठेवता यायचं नाही. आणि त्यालाही एकटं ठेवू नका."

काय म्हणाले, बाईंनी विचारलं. ते इंग्रजीत सांगणं माझ्याच वाट्याला आलं. एकेक वाक्य मी सांगितलं, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. सारासारला इंग्रजी शब्द पटकन सापडेना, म्हणून जजमेंटच म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नानांना थँक यू म्हणाल्या. नानांनी मान लववली.

पुढचं सगळं त्यांनी मला समजावलं, कुठली जागा, कोण भेटायला येईल, किती दिवसांत. मी हो हो म्हणत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. नानांना कोटाची बटणं लावून दिली, हात धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला. परक्या घरात, परक्या जेवणावर, मराठी बोलणारं चिटपाखरू नाही तिथे मी यांना ठेवणार. संध्याकाळी हे खिडकीशी उभे राहतील आणि कुणीच येणार नाही.

मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा नाना म्हणाले, "त्या गृहस्थाचं कोणी आहे का?"

"कुठल्या?"

"ज्याने दार उघडलं नाही."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. म्हटलं, "एक मुलगी आहे."

"काय म्हणते ती?"

"घाबरलीये नाना. फार घाबरलीये."

त्यांनी थोडा वेळ समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, निकाल माझा आहे. तिचा नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. या गावात सहसा कुणी हॉर्न वाजवत नाही, म्हणजे सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला असणार.